दक्षिण मुंबईतला निवांत शनिवार : चंगळीचा एक दिवस आखावा कसा

ठाणे, डोंबिवली, बोरिवली, वसई अशा ठिकाणी राहणारी माणसे दक्षिण मुंबईला ‘टाऊन’ म्हणतात. टाऊनात जाणे त्यांच्या लेखी बहुतेक वेळा कामासाठीच असते: कचेरी, कोर्ट, पासपोर्ट, मोठ्या डॉक्टरांची वेळ. त्यामुळे या भागातून वर्षानुवर्षे ये-जा करूनही तिथे बूड टेकून निवांत बसलेली माणसे फार थोडी भेटतात. मीही त्यांतलीच होते. काही वर्षांपूर्वी माझी मावसबहीण नागपूरहून आली, तेव्हा तिला एका दिवसात मुंबई दाखवायची म्हणून मी अकरा ठिकाणांची यादी केली आणि सकाळी साडेसहाला घर सोडले. अकरांपैकी नऊ ठिकाणे झाली. गिरगाव चौपाटीवर पोचलो तेव्हा सूर्य बुडून अर्धा तास झाला होता आणि ती वाळूत बसून पाय चोळत होती. दिवसभरात काय आवडले असे विचारल्यावर तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “दुपारी त्या गोल बागेत दहा मिनिटं बसलो होतो ना, ते.”

ती गोल बाग म्हणजे हॉर्निमन सर्कल. माझ्या यादीत ती नव्हतीच; टॅक्सी मिळेना म्हणून आम्ही तिथे टेकलो होतो. त्या उत्तरानंतर मी असे दिवस उलट्या बाजूने आखू लागले. आधी बसण्याच्या जागा ठरवते आणि त्यांच्या मधल्या वाटेवर जे येईल तेवढेच पाहते. चार बैठका असाव्यात: न्याहारीची, जेवणाची, दुपारच्या सावलीची आणि संध्याकाळी समुद्राची. पाहण्याची गोष्ट एकच, तीही सकाळी, डोळे ताजे असताना. पुढे दिलेला आराखडा याच पद्धतीचा आहे आणि फोर्ट, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट, ओव्हल व मरीन ड्राइव्ह एवढ्याच परिसरात तो पूर्ण होतो.

शनिवारच का

रविवारी मध्य, हार्बर आणि पश्चिम रेल्वेवर दुरुस्तीसाठी ब्लॉक घेतले जातात, शिवाय गाड्याही सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात. निवांत दिवसाची सुरुवात फलाटावर पाऊण तास उभे राहून करायची नसेल, तर रविवार सोडून द्यावा. दुसरे कारण पोटाचे आहे. फोर्टमधली जुनी उपाहारगृहे कचेऱ्यांच्या आधाराने वाढलेली असल्यामुळे त्यांतील बरीच रविवारी बंद असतात, आणि ज्या जेवणासाठी हा सगळा खटाटोप करायचा ते ‘ब्रिटानिया’ही त्यांतच मोडते. शनिवारी मात्र दुकाने उघडी असतात आणि गर्दी ओसरलेली असते. उच्च न्यायालयाला सुट्टी असते, राज्य शासनाच्या कार्यालयांचा आठवडा 2020पासून पाच दिवसांचा झाला आहे, आणि 2015पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँकाही बंद असतात. म्हणून निवड करता येत असेल, तर महिन्यातला दुसरा किंवा चौथा शनिवार धरावा. त्या दिवशी सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता इतर दिवसांपेक्षा बरीच अधिक असते आणि फोर्टच्या कमानींखालून रमतगमत चालता येते.

ऋतूंचे म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव नऊ दिवस चालतो. तो स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे, परंतु त्या शनिवारी त्या भागात तुफान गर्दी असते आणि निवांतपणा शोधणाऱ्याने तो आठवडा टाळावा. ऑक्टोबरचा उकाडा आणि मे महिना या आराखड्याला मानवत नाही. पावसाळ्याविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगते.

आठवडाभर आधी करायची कामे

पहिले काम म्हणजे सोबत कोण येणार हे ठरवणे. दोन ते चार माणसे असावीत. चौघांच्या पुढे गेले की काळ्या-पिवळ्या टॅक्सीत सगळे मावत नाहीत, उपाहारगृहात एका टेबलाभोवती जागा मिळत नाही आणि प्रत्येक निर्णयाची सभा होते. सोबतच्या प्रत्येकाला आधीच विचारावे की त्याची एक हट्टाची गोष्ट कोणती. कोणाला पुस्तके हवी असतात, कोणाला आइस्क्रीम, कोणाला नुसता समुद्र. ती एक गोष्ट आराखड्यात बसवली की उरलेल्या दिवसभर कुरबूर होत नाही. कोणीच काही सांगितले नाही, तर मीच माझी गोष्ट आधी सांगते, म्हणजे बाकीच्यांना संकोच वाटत नाही.

दुसरे काम म्हणजे त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवणे. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीस तो सव्वासातच्याही पुढे जातो. हा सव्वा तासाचा फरक दुपारच्या सगळ्या हिशोबावर परिणाम करतो, म्हणून मी दिवसाची आखणी सूर्यास्तापासून मागे येत करते. मावळतीच्या पाऊण तास आधी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, त्याच्या तासभर आधी ओव्हलवर, त्याआधी दोन तास सावलीत, आणि त्याआधी जेवण.

तिसरे काम म्हणजे दूरध्वनी. जिथे जेवायचे ठरवले आहे तिथे शुक्रवारी फोन करून ते उघडे असल्याची आणि किती वाजेपर्यंत वाढतात याची खात्री करून घ्यावी. जुनी कुटुंबे चालवत असलेली ठिकाणे सणावाराला किंवा घरच्या कारणाने अचानक बंद असतात. एकदा आम्ही तिघी बंद शटरसमोर उभ्या राहिलो आणि भुकेल्या पोटी दुसरे ठिकाण शोधताना दुपारचा दीड तास गेला. तेव्हापासून फोन केल्याशिवाय मी निघत नाही, आणि जवळचे दुसरे ठिकाणही मनात धरून ठेवते.

पैशांचे थोडक्यात. दोन माणसांसाठी मी चार हजार रुपये बाजूला काढते आणि त्यांतला निम्म्याहून अधिक वाटा दुपारच्या जेवणाला देते. चंगळ सगळीकडे थोडीथोडी वाटून केली की ती जाणवत नाही. एका जागी हात सैल सोडावा आणि बाकीचा दिवस साधा ठेवावा. ज्यांना जेवणापेक्षा चहाची हौस अधिक असेल, त्यांनी हाच पैसा ताजमहाल हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये दुपारच्या चहासाठी ठेवावा. 1903 साली सुरू झालेल्या त्या इमारतीत खिडकीशी बसून गेटवे आणि बंदरातल्या बोटी पाहणे ही स्वतंत्र मौज आहे. मात्र ते दुपारच्या भरपेट जेवणासोबत एकाच दिवशी करू नये, कारण दोन्हींचा विचका होतो.

पायांत वापरून मऊ झालेली पादत्राणे असावीत, नवी नकोत. पिशवी एकच, खांद्याला अडकवता येईल अशी. पाण्याची बाटली, छत्री आणि टॅक्सीसाठी काही सुट्टे पैसे एवढे पुरे.

सकाळ : इराण्याकडची न्याहारी

घरून आठच्या आधी निघू नये. सुट्टीच्या दिवशी गजर लावला की तो दिवस कामाचाच वाटू लागतो. ठाण्याहून जलद लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचायला साधारण तास लागतो. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी मरीन लाइन्सला उतरावे. अंधेरी किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या बाजूने येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो सोयीची झाली आहे; ऑक्टोबर 2025पासून ती थेट कफ परेडपर्यंत धावते आणि तिची काळबादेवी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही स्थानके या आराखड्याच्या वाटेवरच येतात.

टर्मिनसहून धोबीतलावापर्यंत दहा-बारा मिनिटे चालत जावे. मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महाल या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ‘कयानी’ आहे. हे इराणी उपाहारगृह 1904पासून चालू आहे. उंच छत, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांत खारी आणि बिस्किटे, आणि सकाळच्या वेळी भट्टीचा वास. इथे ऑम्लेट, अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी, खिमा-पाव हे सगळे चांगले मिळते; पण दुपारचे जेवण मोठे आहे हे लक्षात ठेवून मी दोघांत मिळून एक अकुरी आणि प्रत्येकी एक ब्रुन-मस्का एवढेच मागवते.

ब्रुन हा वरून कडक आणि आतून मऊ असा पाव असतो. तो आडवा कापून त्याला लोणी लावलेले असते. घाईघाईत चावल्यास त्याचे कवच टाळूला टोचते. त्याची फोड चहात तिरकी धरावी, कवचाचा कडकपणा जेमतेम सैल होईपर्यंत थांबावे आणि लोणी वितळून चहावर त्याचे सोनेरी ठिपके तरंगू लागले की मगच ती उचलावी. या कामाला घाई चालत नाही, म्हणूनच निवांत दिवसाची सुरुवात इथून करणे मला योग्य वाटते. एक कप संपल्यावर दुसरा मागवावा. शेजारच्या टेबलावर रोजचे म्हातारे गिऱ्हाईक वर्तमानपत्राची घडी घालत असते; त्यांच्या गतीने बसावे. निघताना काउंटरवरून चार मावा केक बांधून घ्यावेत आणि ते पिशवीत सगळ्यांत वर ठेवावेत.

मांसाहार आणि अंडीही नको असणाऱ्यांनी हीच बैठक ठाकूरद्वारच्या ‘विनय हेल्थ होम’मध्ये करावी. तिथली मिसळ गिरगावकरांच्या घरातली आहे, आणि मिसळीनंतर पीयूष घेतल्याशिवाय उठू नये.

एकच वस्तुसंग्रहालय, त्यातली दोनच दालने

धोबीतलावाहून काळा घोडा दोन किलोमीटरच्या आसपास आहे. पाय दुपारसाठी राखून ठेवायचे असल्यामुळे इथे टॅक्सी करावी. दीड किलोमीटरपर्यंतचे किमान भाडे फेब्रुवारी 2025पासून 31 रुपये आहे, त्यामुळे या भागात टॅक्सी परवडते. रिक्षा शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला येत नाहीत, हे बाहेरून येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडते. ते उघडताच आत जावे, कारण अकरानंतर सहली येऊ लागतात. या इमारतीची पायाभरणी 1905 साली झाली, पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि 1922 साली ती लोकांसाठी खुली झाली. वास्तुकार जॉर्ज विटेट. त्यांचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे जेवायला जाताना ते पुन्हा भेटणार आहेत. मुख्य दालनात शिरल्यावर मान वर करून घुमटाकडे पाहावे आणि मग वरच्या मजल्यांच्या कठड्यांकडे नजर न्यावी. ते कोरीव लाकडी काम नाशिकच्या एका वाड्यातून आणून या दगडी इमारतीत बसवले आहे. चार खंडांतल्या वस्तू पाहायला आलेला माणूस नाशिकच्या वाड्याच्या कठड्याला हात टेकून उभा असतो, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते.

यानंतर दोन दालने निवडावीत आणि उरलेली निश्चयाने सोडावीत. माझी निवड ठरलेली आहे. तळमजल्यावरच्या शिल्पदालनात ऐहोळेच्या मंदिराच्या छतावरून आलेला ब्रह्मदेवाचा दगडी पट आहे. त्याच्यासमोर पाच मिनिटे उभे राहावे. मग पहिल्या मजल्यावरची लघुचित्रे. लघुचित्र हे हातात धरून पाहण्यासाठी काढलेले असते, भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे, म्हणून ते दोन हातांवरून पाहिले तर रंगीत चौकोनापलीकडे काही दिसत नाही. काचेपासून वीतभर अंतरावर यावे आणि एकाच चित्रात मुक्काम करावा. चेहऱ्यांवरून नजर काढून ती काठाकडे न्यावी: झाडाचे प्रत्येक पान वेगळे रंगवलेले दिसते, ओढणीच्या आरपार दंडाचा रंग दिसतो, अंगणाच्या कोपऱ्यात एखादे कबूतर दाणे टिपत असते. अशी सहा-सात चित्रे पाहून झाली की डोळे भरतात. तिथे थांबावे. ‘पैसे भरून आलो आहोत तर सगळे पाहून घेऊ’ हा विचार मनात येतोच. तो बाजूला सारणे हा या दिवसाचा सगळ्यांत अवघड भाग आहे. लहान मुले सोबत असतील, तर शिल्पांऐवजी निसर्गविज्ञानाचे दालन घ्यावे.

वेळ उरलाच तर शेजारच्या जहांगीर कलादालनात डोकवावे. ते 1952पासून आहे, तिथे प्रवेशशुल्क नाही आणि अनेकदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. सव्वाबाराला मात्र तिथून निघावेच.

जेवण : दिवसाचा मध्यबिंदू

बॅलार्ड इस्टेटमधले ‘ब्रिटानिया’ 1923पासून कोहिनूर कुटुंब चालवत आले आहे. इथे जेवण दुपारचे असते आणि शनिवारी एकनंतर दारात रांग लागते, म्हणून साडेबाराच्या आत पोचावे. ज्यांनी न्याहारी आटोपशीर ठेवली त्यांना या वेळी खरी भूक लागलेली असते.

इथला बेरी पुलाव हा इराणी झेरेश्क पोलोचा मुंबईकर अवतार आहे. केशराच्या पिवळसर भातावर तळलेला कांदा, काजू आणि झेरेश्क नावाची लाल, कोकमासारखी आंबट, मनुकेहूनही लहान फळे पसरलेली असतात, आणि मांस खाली दडलेले असते. वाढताना चमचा तळापर्यंत नेऊन सगळे थर एकत्र घ्यावेत. नुसता वरचा भात खाल्ला तर तो फिका लागतो आणि नुसते मांस खाल्ले तर जड. भाताचा ऊबदार, तुपकट घास चालू असताना मध्येच एखादे बेरीचे फळ दाताखाली येते आणि जीभ जागी होते, यातच त्याचे सगळे मर्म आहे. एक पुलाव दोघांना पुरतो. सोबत साली बोटी मागवावी, म्हणजे बोटीच्या दाट, किंचित गोड-आंबट रश्शावर बटाट्याच्या काड्या. काड्या रश्शात भिजण्याआधी खायला सुरुवात करावी. मासे आवडणाऱ्यांसाठी केळीच्या पानातली पत्रानी मच्छी आहे. तहानेला रासबेरी सोडा, आणि शेवटी कॅरमल कस्टर्ड, तेही प्रत्येकी एक. इथे वाटून घेऊ नये.

मागवताना सगळे एकदम मागवू नये. पुलाव निम्मा होईपर्यंत पुढचे सांगूच नये. एकदम मागवले की ताटे एकापाठोपाठ येऊन आदळतात, गरम पदार्थ गार होतात आणि अर्ध्या तासात जेवण उरकते. दोन-तीन टप्प्यांत मागवले तर तेच जेवण सव्वा तास पुरते, खर्च एक रुपयाने वाढत नाही आणि गप्पांना जागा मिळते. बाहेर रांग असेल तेव्हा मात्र जेवण झाल्यावर टेबल अडवून बसू नये; पुढच्या बैठकीची जागा पाच-सात मिनिटांवर आहे.

शाकाहारी मंडळींसाठी मी काळबादेवीच्या ‘श्री ठाकर भोजनालय’कडे वळेन. 1945पासूनची ही गुजराती थाळी आहे. वाढपी पुनःपुन्हा येत राहतो, ताट रिकामे दिसू देत नाही, आणि आग्रह खरोखरीचा असतो. तिथे जाणाऱ्यांनी सकाळी न्याहारीला चहा-खारीवरच थांबावे. कोकणी-मंगळुरी मासळी हवी असेल, तर फोर्टमधले ‘महेश लंच होम’ जवळ पडते.

जेवण झाल्यावर बॅलार्ड इस्टेटमधून दहा मिनिटे पाय मोकळे करावेत. हा सगळा भाग समुद्र हटवून तयार केलेला आहे. 1908 ते 1914 या काळात शेजारची गोदी खोदताना निघालेल्या मातीची भर इथे घातली, आणि तिच्यावर एका शैलीच्या, एका उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. आखणी जॉर्ज विटेट यांचीच. शनिवारी दुपारी इथले रस्ते जवळजवळ रिकामे असतात आणि पदपथांवर झाडांची सावली असते.

दुपारची सावली

अडीच ते साडेचार हा काळ बहुतेक सहलींचा घात करतो. पोट भरलेले असते, ऊन उतरलेले नसते, आणि काहीतरी पाहायलाच हवे या समजुतीने माणसे कुलाब्याच्या पदपथावर गर्दीत शिरतात किंवा घारापुरीची बोट पकडतात. घारापुरीला अख्खा अर्धा दिवस लागतो. ती वेगळ्या दिवशी करावी. या दोन तासांत काहीही न करणे हेच काम आहे असे मी मानते आणि आराखड्यात तसेच लिहून ठेवते.

हॉर्निमन सर्कलची बाग त्यासाठी उत्तम. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक आणि स्वातंत्र्यलढ्याची बाजू घेणारे बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव तिला दिलेले आहे. भोवती कमानींच्या इमारतींचे वर्तुळ, मध्ये जुनी मोठी झाडे आणि त्यांच्याखाली बाके. पुस्तक उघडावे किंवा नुसते डोळे मिटावे. उजेड जरा तिरपा झाला की समोरच्या एशियाटिकच्या, म्हणजे जुन्या टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या, पायऱ्यांवर जाऊन बसावे. 1833 साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलच्या या तीस पायऱ्यांवर बसून सगळे वर्तुळ नजरेत येते. भर उन्हात मात्र दगड तापलेला असतो.

उकाडा असह्य असेल, तर फ्लोरा फाउंटनजवळच्या ‘किताबखाना’मध्ये जावे. 2011 साली सुरू झालेल्या या दुकानात उंच खांब, लाकडी कपाटे आणि आतच कॉफीची जागा आहे. मराठी पुस्तकेही मिळतात. प्रत्येकाने सोबतच्या दुसऱ्यासाठी एक पुस्तक निवडायचे, अशी आमची पद्धत आहे. त्यात तासभर कसा जातो ते कळत नाही, आणि घरी एक वस्तू अशी येते की जिच्याशी तो दिवस जोडलेला राहतो.

ओव्हल आणि समुद्र

तिथून हुतात्मा चौक ओलांडून पश्चिमेकडे चालत गेले की दहा मिनिटांत ओव्हल मैदान येते. आत शिरून थेट मध्यापर्यंत जावे आणि उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि 1878 साली पूर्ण झालेला, सुमारे 85 मीटर उंचीचा राजाबाई मनोरा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले टोकदार कमानींचे गॉथिक दगडकाम. पश्चिमेला 1930च्या दशकातल्या फिक्या रंगाच्या, गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारतींची रांग, आणि तिच्या उत्तर टोकाजवळ 1938चे इरॉस चित्रपटगृह. दोन शतकांच्या मधोमध क्रिकेटचे सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात आणि कोणाचा चेंडू कोणाकडे गेला याचा वाद चालू असतो. या दोन्ही बाजू मिळून 2018 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या. दिवस कलताना पूर्वेकडच्या दगडावर उन्हाचा पिवळा रंग चढतो, म्हणून इथे सूर्यास्ताच्या दीड-पावणेदोन तास आधी यावे.

मरीन ड्राइव्हकडे जाताना ब्रेबॉर्न स्टेडियमजवळ ‘के. रुस्तम’ लागते. 1953पासून इथे आइस्क्रीमची जाड वडी दोन वेफरांच्या मध्ये ठेवून कागदात गुंडाळून देतात. ती चारही बाजूंनी वितळू लागते, त्यामुळे चालत खाऊ नये. बाजूला उभे राहून, कडा सारख्या करत संपवावी.

मरीन ड्राइव्हचा कट्टा साडेतीन किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे, आणि कुठे बसावे हे ऋतूवर ठरते. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, त्यामुळे चर्चगेटसमोर कुठेही बसले तरी तो पाण्यात उतरताना दिसतो. एप्रिलनंतर तो वायव्येकडे सरकतो आणि चौपाटीच्या बाजूने पाहिल्यास मलबार हिलच्या आड जातो; तेव्हा दक्षिणेकडे, नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या टोकाला बसावे. खालच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर उतरू नये. शेवाळाने पाय घसरतो आणि फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणे कठीण जाते.

सूर्य बुडाल्यावर बहुतेक लोक उठतात. त्यानंतरची वीस मिनिटे बसून राहावे. आकाशाचा रंग त्याच वेळी भराभर बदलतो, मग दिव्यांची माळ एका टोकापासून उजळत जाते आणि समुद्राचा आवाज वाहनांच्या आवाजातून वेगळा ऐकू येऊ लागतो. फुटाण्यांची पुडी किंवा कटिंग चहा हाती असला तर उत्तम.

पावसाळ्यात हाच आराखडा थोडा फिरवावा. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर लाटा कट्ट्यावरून रस्त्यावर येतात आणि लोकांना दूर ठेवले जाते, म्हणून त्या वेळी तिकडे जाऊ नये. ओव्हलवर चिखल असतो. अशा दिवशी दुपारचा वेळ वाढवून किताबखान्यात आणि जहांगीरमध्ये घालवावा, आणि भरती ओसरल्यावर समुद्राकडे जावे. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर बॅलार्ड इस्टेटनंतरचा सगळा प्रवास टॅक्सीने करावा आणि एशियाटिकच्या पायऱ्या सोडाव्यात.

रात्र आणि परतीची गाडी

इथून पुढे दोनच वाटा आहेत आणि त्यांतली एकच घ्यावी. पहिली नाटकाची. शनिवारच्या प्रयोगांच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येतात. गिरगावातल्या साहित्य संघ मंदिरात किंवा परतीच्या वाटेवर दादरच्या शिवाजी मंदिरात चांगला प्रयोग असेल, तर तिकिटे आधीच काढून ठेवावीत आणि जेवणाऐवजी मध्यंतरात बटाटेवडा व कॉफीवर भागवावे. दुपारी इतके जेवल्यानंतर रात्री पोटाला तेवढे पुरते. दुसरी वाट सरळ घरी जाण्याची. दिवस भरलेला वाटत असेल, तर हीच घ्यावी. नाटक आहे म्हणून थकल्या अंगाने जाऊन बसणे हा नटांवरही अन्याय आहे.

घरी जाताना टर्मिनसवर पोचल्यावर फलाटाला लागलेली गाडी भरलेली दिसली, तर ती सोडून द्यावी. मध्य रेल्वेची गाडी इथूनच सुटते. पुढची जलद लोकल काही मिनिटांत रिकामी होऊन त्याच फलाटावर उभी राहते आणि खिडकी हवी ती मिळते. आम्ही समोरासमोर बसतो, पिशवी मांडीवर घेतो, आणि भायखळा गेले की मावा केकची पुडी सोडतो. दिवसभराने ते एका बाजूला जरा दबलेले असतात, पण वेलचीचा वास तसाच असतो.